‘विष आढळले नाही’ या वाक्याविरुद्ध

आमच्या गावच्या घरात देवघराच्या बाजूला, भिंतीवर, लॅमिनेट केलेला एक कागद खिळ्याला अडकवलेला आहे. वर गजानन महाराजांचा फोटो आणि खाली हा कागद. कागद इंग्रजीत आहे आणि मोठीआईला इंग्रजी येत नाही. तरी त्यातली कुठली ओळ आपली हे तिला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या ओळीखाली कुणीतरी निळ्या पेनाने रेघ ओढून दिली होती. आलेल्या-गेलेल्याला ती बोटाने ती ओळ दाखवते. मराठीत तिचा अर्थ असा:

सर्वसाधारण आणि विशिष्ट रासायनिक चाचण्यांमध्ये मुद्देमाल क्रमांक १, २ आणि ३ यांत कोणतेही विष आढळले नाही.

मुद्देमाल क्रमांक १, २ आणि ३ म्हणजे माझे मोठेबाबा. एका बरणीत जठर आणि आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडाचे तुकडे, आणि एका बाटलीत थोडं रक्त.

हा लेख त्या ओळीविरुद्ध आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून इंजिनियरिंग करून पुण्यात आलेला, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणारा सॉफ्टवेअरवाला आहे. पण ‘आढळले नाही’ आणि ‘नव्हते’ यांच्यातला फरक माझ्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. तो फरक ज्या कागदांवर माणसाच्या मरणाचा निकाल लागतो तिथे पाळला जात नाही, हे मला सहन होत नाही.

आधी घटना सांगतो.

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती, अळीही तशीच आली, आणि जुलैपासून कीटकनाशकांच्या फवारणीने माणसं आजारी पडू लागली. पोळा झाला, गणपती झाले, आणि पेपरात रोज आकडा वाढू लागला. जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो रुग्णालयात भरती झाले. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण, मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थ्युरॉन ही नावं चहाच्या टपरीवर पाठ झाली होती.

मोठेबाबा तेव्हा ६१ वर्षांचे होते. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाचे ठोके अनियमित आहेत आणि पंपिंग कमी झालंय. तेव्हापासून तीन-चार गोळ्या चालू होत्या. त्यात एक छोटी पांढरी गोळी होती, तिला ते ‘ठोक्याची गोयी’ म्हणत. दुसरी होती ‘लघवीची गोयी’. स्वतः फवारणी करणं त्यांनी सोडलं होतं, पण मजूर फवारत असताना बांधावर उभं राहून पाणी देणं, औषध मोजून देणं हे ते करतच होते.

नवरात्राच्या आधी आठ-दहा दिवस त्यांची भूक गेली. मग उलट्या. मग एका संध्याकाळी म्हणाले, “दिवा पिवळा दिसते बे. सारंच पिवळं दिसते.” आम्ही म्हणालो कावीळ झाली असेल. जवळच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी रात्री त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा नाडी फार मंद होती. पहाटे ते गेले.

त्या दिवसांत शेतावरून उलट्या होत आलेला माणूस म्हणजे फवारणीचाच, असं सगळे धरून चालत. चूकही नव्हतं ते. पोलीस आले, मर्ग दाखल झाला, शवविच्छेदन झालं, व्हिसेरा राखून ठेवला. पोलिसांच्या कागदावर संशयित विषाच्या रकान्यात एकच शब्द होता: कीटकनाशक.

आणि गावात दुसराच शब्द फिरू लागला. व्हिसेरा घेतला म्हणजे काहीतरी असणार. कर्ज होतंच. ‘घेतलं असेल.’ आमच्या जिल्ह्यात ‘घेतलं’ या क्रियापदाला कर्म लागत नाही. मोठीआई सतरा महिने त्या एका शब्दाखाली जगली. हळदीकुंकवाला तिला आधीही बोलावणार नव्हतेच, पण आता विहिरीवर बायका गप्प व्हायला लागल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये अहवाल आला. विष आढळले नाही. तिने तो त्याच आठवड्यात लॅमिनेट केला.

त्याच ओळीने दुसरं कामही केलं. शेतकऱ्यांच्या अपघात विम्याचा अर्ज विषबाधा सिद्ध होत नाही म्हणून परत आला. मृत्यूचं कारण, नैसर्गिक, हृदय बंद पडल्याने. ते कुणी मनावर घेतलं नाही. हृदयाचा पेशंटच होता ना माणूस.

मीही मनावर घेतलं नव्हतं. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे मी गावाला अडकलो. सकाळी वर्क फ्रॉम होम, दुपारी लोडशेडिंग. अशाच एका दुपारी मोठेबाबांची पत्र्याची पेटी उघडली. त्यात सातबाऱ्याच्या नकला, सोसायटीची पावती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. ठोक्याच्या गोळीवरचं नाव मी पहिल्यांदा वाचलं: डिगॉक्सिन.

नाव गूगलवर टाकलं, आणि पुढचा तासभर मी उकाड्यात गार पडून बसलो होतो.

डिगॉक्सिन मुळात फॉक्सग्लोव्ह जातीच्या झाडापासून मिळतं. विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टराने १७८५ मध्ये या झाडाच्या पानांवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हृदयासाठी त्याचा वापर शास्त्रात आला. औषध चांगलं आहे. ते ठोके सावकाश करतं आणि कमजोर हृदयाचं आकुंचन जोरकस करतं. पण त्याचा उपयोगी डोस आणि त्रासदायक डोस यांच्यातलं अंतर फार थोडं असतं. ते शरीराबाहेर पडतं मुख्यतः मूत्रपिंडातून. म्हणजे मूत्रपिंड थकलं, उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, किंवा लघवीच्या गोळीने रक्तातलं पोटॅशियम उतरलं, की रोजचीच, डॉक्टरांनी लिहून दिलेलीच गोळी विषासारखी वागू लागते. चिठ्ठी बरोबर असते, डोस बरोबर असतो, घेणाराही नियमाने घेत असतो. आणि तिची लक्षणं पाठ्यपुस्तकात अशी लिहिली आहेत: भूक जाणे, मळमळ, उलट्या, नाडी मंदावणे, ठोके चुकणे, आणि सगळं पिवळट दिसणे.

दिवा पिवळा दिसते बे.

मोठेबाबा डिगॉक्सिनने गेले असं मी म्हणत नाही. म्हणूच शकत नाही. माझी तक्रारच ती आहे. ते फवारणीच्या विषाने गेले असतील, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेतही उलट्या होतात आणि नाडी मंदावते. ते साध्या हृदयविकाराने गेले असतील. तीन शक्यता होत्या, तिन्ही तपासता येण्यासारख्या होत्या, आणि त्यातली एक कुणी विचारलीसुद्धा नाही. मग अहवालात लिहिलेलं ‘कोणतेही विष’ यातलं ‘कोणतेही’ आलं कुठून?

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. समजा, आमच्या ॲपला हजार चाचण्या आहेत. रात्री सगळ्या चालवल्या, सकाळी स्क्रीनवर हिरवा रंग आला. मॅनेजर खूश. मग कळलं, पेमेंटची चाचणी कुणीतरी यादीतून काढूनच टाकली होती. ती फेल झाली नाही हे खरं आहे. ती चाललीच नव्हती. डेटाबेसमध्ये शून्य आणि ‘नल’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. नलच्या जागी शून्य छापणारा प्रोग्राम आमच्याकडे कुणी लिहिला तर त्याला नोकरीवरून काढत नाहीत, पण पुढचे सहा महिने कॅन्टीनमध्ये त्याची चेष्टा होते. आपली व्यवस्था माणसाच्या मरणावर हेच छापते आणि वर शिक्का मारते.

व्हिसेऱ्याची तपासणी म्हणजे बरणी यंत्रात घातली आणि विषाचं नाव बाहेर पडलं, असं आपल्याला सिनेमाने शिकवलंय. प्रत्यक्षात तसं एकही यंत्र नाही. अवयवांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात राखले जातात, काही प्रकरणांत स्पिरिटमध्ये; रक्तात सोडियम फ्लोराईड घालतात. प्रयोगशाळेत त्यांचा अर्क काढतात आणि मग एकेका विषगटासाठी वेगळी चाचणी लावतात. कीटकनाशकांसाठी एक, धातूंसाठी दुसरी, दारूसाठी तिसरी, झोपेच्या औषधांसाठी चौथी. पातळ थरावर अर्काचे ठिपके चढवून रंग बघण्याची जुनी पद्धत आजही पहिली चाळणी म्हणून वापरतात. आपल्याकडे विषाने मरणाऱ्यांत कीटकनाशकांचा वाटा मोठा, म्हणून चाळणीची भोकंही त्याच मापाची. त्यात गैर काही नाही.

डिगॉक्सिन मात्र रक्तात नॅनोग्रॅममध्ये मोजतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. जी चाळणी चमचाभर कीटकनाशकासाठी बनवली, तिच्यातून हे सुटणारच. ते पकडायची पद्धत जगात आहे, भारतातही आहे. प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी आहे, आणि त्याहून खात्रीची द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री एकत्र करणारी पद्धत आहे. पण ती लावायला आधी कुणीतरी म्हणावं लागतं, की हा माणूस हृदयाची अमुक गोळी घेत होता, तेवढं बघा. आमच्या वेळी ते कुणीच म्हणालं नाही. गोळ्यांची पिशवी पेटीत होती, पेटी खाटेखाली होती, आणि पंचनामा त्याच खोलीत झाला होता.

या चुकीला मी फक्त आमच्या घरापुरती मानली असती, तर लेख लिहिला नसता. २०१७ मध्ये सगळ्या जिल्ह्याचं हेच झालं.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमला निकामी करतात. रक्तात हे एन्झाइम किती काम करतंय, याची तपासणी जुनी आणि सोपी आहे. कापसाच्या जिल्ह्यात, जिथे दर पावसाळ्यात फवारणीचे रुग्ण येतात, तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ती त्या वर्षी उपलब्ध नव्हती. राज्य सरकारने नेमलेल्या विशेष तपास पथकालाही या उणिवेची नोंद घ्यावी लागली. डॉक्टर बाहुल्या बघत होते, लाळ बघत होते, छाती ऐकत होते आणि अंदाजाने ॲट्रोपिन देत होते. ॲट्रोपिन हेसुद्धा हृदयाचं औषध आहे. ठोके फार मंदावले की तेच देतात. त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. हातात थर्मामीटर नसलेल्या माणसाने कपाळावर हात ठेवून ताप ओळखावा, तसं ते काम करत होते, आणि त्या हातांनी शेकडो माणसं वाचवली.

पण कोलिनेस्टरेजची चाचणी असती तरी पूर्ण उत्तर मिळालं नसतं, हे फार थोडे लोक सांगतात. डायफेन्थ्युरॉन ऑर्गॅनोफॉस्फेट नाहीच. ते पेशीतल्या मायटोकाँड्रियावर, म्हणजे पेशीच्या वीजघरावर हल्ला करतं. कोलिनेस्टरेजला ते हात लावत नाही. ज्याच्या अंगात फक्त डायफेन्थ्युरॉन गेलंय त्याचं कोलिनेस्टरेज नॉर्मल येऊ शकतं. नॉर्मल आलं म्हणजे विष नाही, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो पुन्हा नलच्या जागी शून्य लिहील. आणि बांधावर तर कुणी एकच औषध मारत नव्हतं. दुकानदार सांगेल ते, दोन-तीन एकत्र कालवून, चायना पंपात भरून.

याचा परिणाम काय झाला ते पाहा. पोलो या नावाने डायफेन्थ्युरॉन विकणाऱ्या सिंजेंटा या स्विस कंपनीविरुद्ध यवतमाळच्या ५१ बाधितांच्या वतीने २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तक्रार गेली. पुढच्या वर्षी दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी बासेलच्या न्यायालयात गेले. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. कोण बरोबर ते न्यायालय ठरवेल, मी ठरवणार नाही. पण अशा कुठल्याही खटल्यात पहिला प्रश्न काय येणार? त्या माणसाच्या शरीरात नेमकं काय होतं? भरती करताना, पहिलं इंजेक्शन देण्याआधी घेतलेलं दहा मिलिलिटर रक्त जर कुठल्या फ्रीजरमध्ये नाव-तारखेसह ठेवलेलं असतं, तर उत्तर तिथे होतं. कंपनीच्या बाजूने असतं किंवा विधवेच्या बाजूने असतं. पण उत्तर असतं. शेतकऱ्याकडे बाटलीचा फोटो उरतो, दुकानाची पावती उरली तर उरते. शरीराची साक्ष आपण नालीत ओतून टाकलेली असते. न मोजण्याचा फायदा नेहमी एकाच बाजूला होतो, आणि ती बाजू कधीही बांधावर उभ्या असलेल्या माणसाची नसते.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. एका वकील मित्राने ते फार चांगलं मांडलं. तो म्हणाला, “तुझं म्हणणं मान्य केलं, ‘आढळले नाही’ला काही किंमतच नाही असं ठरवलं, तर उद्या कुणीही कुणावरही विषप्रयोगाचा आरोप करेल. अहवाल कोरा आला तरी म्हणेल, नीट शोधलं नसेल.”

आक्षेप खरा आहे. आणि तो महाराष्ट्रातच, सत्तर वर्षांपूर्वी, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे.

पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा होत्या, मधुमेही होत्या आणि पैसा बाळगून होत्या. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री त्या डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्याबरोबर रेल्वेने मुंबईला निघाल्या. पहाटे व्हीटीला पोचल्या तेव्हा बेशुद्ध होत्या. लागूंनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेलं, तिथे नाव वेगळंच सांगितलं, आणि त्याच दिवशी त्या गेल्या. प्रेत बेवारस ठरलं. शवविच्छेदन व्हायला दहा दिवस गेले. व्हिसेऱ्यात विष आढळलं नाही. दरम्यान पुण्यात त्यांच्या नावाने पत्रं येत राहिली, की मी लग्न केलं, सुखात आहे, शोधू नका. आणि त्यांची संपत्ती लागूंच्या हाती जात राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ ला निकाल दिला. बहुमताने म्हटलं, की रासायनिक तपासात विष न सापडणं एवढ्यानेच विषप्रयोग झाला नाही असं ठरत नाही. बाकीचे पुरावे पुरेसे बोलत असतील तर शिक्षा होऊ शकते. न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.

मला तो निकाल आणि ते वेगळं मत, दोन्ही महत्त्वाची वाटतात. न्यायालयाला १९५९ मध्ये कळलं होतं, की कोरा अहवाल म्हणजे कोरं शरीर नव्हे. पण ही पोकळी पत्रं, सह्या, रेल्वेची तिकिटं अशा गोष्टींनी भरावी लागली. ज्यांच्यामागे संपत्ती असते त्यांच्या मरणाचा असा कसून माग काढला जातो. घाटंजीच्या शेतकऱ्यासाठी कोण काढणार?

आणि मित्राचा आक्षेप उलट्या बाजूनेही खरा आहे. मोजलेला आकडासुद्धा खोटं बोलू शकतो, आणि डिगॉक्सिन यात पटाईत आहे. माणूस मेल्यानंतर हृदयाच्या स्नायूत साठलेलं डिगॉक्सिन आसपासच्या रक्तात उतरतं. म्हणून हृदयातून काढलेल्या रक्तात ते जिवंतपणी होतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. जाणकार मांडीच्या शिरेतलं रक्त घ्यायला सांगतात ते यासाठी. नेदरलँड्समधल्या लुसिया द बर्क या नर्सला २००३ मध्ये जन्मठेप झाली. तिच्याविरुद्धच्या पुराव्यात एका बाळाच्या शरीरातलं डिगॉक्सिन मुख्य होतं, आणि जोडीला चुकीची संख्याशास्त्रीय गणितं. पुढे नमुना, पद्धत आणि अर्थ लावणं या तिन्हींवर तज्ज्ञांनी प्रश्न उभे केले आणि २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. मधली वर्षं तिला कुणी परत दिली नाहीत.

याच्या नेमकं उलट प्रकरण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोनवर पाहिलंय. ‘द गुड नर्स’ हा २०२२ चा सिनेमा चार्ल्स कलन या खऱ्या नर्सवर आहे. न्यू जर्सीच्या रुग्णालयात २००३ मध्ये रुग्णांच्या रक्तात नको तितकं डिगॉक्सिन सापडू लागलं. तिथल्या विषनियंत्रण केंद्राने उन्हाळ्यातच रुग्णालयाला बजावलं, की हे नैसर्गिक दिसत नाही, कळवा. त्याला अटक झाली डिसेंबरमध्ये. पुढे २९ खुनांची कबुली आली. तो पकडला गेला त्यात रक्ताच्या चाचण्यांइतकाच मोठा हात औषधं देणाऱ्या कपाटाच्या संगणकीय नोंदींचा होता. कोणी, केव्हा, कोणतं औषध मागितलं आणि लगेच रद्द केलं, हे त्या कपाटाने इमानदारीने लिहून ठेवलं होतं. माझ्या भाषेत, लॉग होता.

या दोन्ही प्रकरणांतून मला एकच गोष्ट दिसते. विषशास्त्र निर्दोषाला वाचवतं आणि दोषीला पकडतं, पण ते त्याच्या नोंदींइतकंच चांगलं असतं. काय शोधलं, कुठल्या नमुन्यात, कुठल्या पद्धतीने, किती बारीक पातळीपर्यंत, मृत्यूनंतर किती वेळाने. हे पाच रकाने नसलेला अहवाल हिरव्या रंगाची स्क्रीन आहे. माझ्या वकील मित्राला मी हेच सांगितलं. ‘आढळले नाही’ला किंमत नाही असं मी म्हणत नाही. त्या वाक्याला खरी किंमत यावी म्हणून ते पूर्ण लिहा, एवढंच म्हणतोय. ‘अमुक २० कीटकनाशकं, दारू आणि अमुक धातू शोधले, आढळले नाहीत, हृदयाच्या औषधांसाठी तपासणी केलेली नाही.’ असं लिहिलं तर खोटा आरोप करणाऱ्याचंही तोंड बंद होईल आणि खऱ्या शंकेलाही वाट मिळेल.

कुणी म्हणेल, प्रयोगशाळांवर किती बोजा आहे ते बघ आधी. बघितलंय. सतरा महिने वाट पाहिलेल्या घरातला माणूस ते न बघता राहू शकत नाही. पण मी मागतोय त्यातल्या बहुतेक गोष्टींना नवं यंत्र लागत नाही. पंचनाम्यात घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्यांची नोंद करा आणि व्हिसेऱ्याबरोबर ती यादी पाठवा. त्याला लागतो एक कागद. संशयित विषबाधेचा रुग्ण भरती होताच उपचाराआधीचं रक्त राखून ठेवा. त्याला लागतो एक फ्रीजर आणि एक रजिस्टर. रक्त हृदयातून काढलं की मांडीतून, हे बाटलीवर लिहा. त्याला लागतो पेन. डिगॉक्सिनवर असलेला माणूस उलट्या घेऊन आला तर क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि ईसीजी बघितल्याशिवाय घरी पाठवू नका. हे तालुक्याच्या गावी आजही होऊ शकतं. आणि मृत्यूचं कारण म्हणून ‘हृदय बंद पडले’ लिहिणं थांबवा. हे मी नाही म्हणत. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्राच्या सरकारी नमुन्यातच सूचना छापलेली आहे, की हार्ट फेल्युअरसारखा मरणाचा प्रकार लिहू नका, ज्या आजाराने किंवा इजेने मृत्यू ओढवला तो लिहा. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. फाशी गेलेल्याचंही, बुडालेल्याचंही.

माझा राग कुणा एका माणसावर नाही. तो त्या सोयीवर आहे. ‘आढळले नाही’ हे वाक्य सगळ्यांना सोयीचं पडतं. पोलिसांची फाईल बंद होते, विम्याचा अर्ज परत जातो, दुकानदार सुटतो, गोळी लिहून देणाऱ्याला कुणी विचारत नाही की शेवटचं क्रिएटिनिन केव्हा बघितलंत. आणि आमच्या घरालाही ते सोयीचं पडलं, हे मी लपवणार नाही. त्या ओळीने मोठीआईला विहिरीवर परत जागा मिळवून दिली. म्हणून पाच वर्षं मी हे तिच्यापाशी बोललो नव्हतो.

गेल्या दिवाळीत बोललो. कागद खिळ्यावरून काढून तिच्यापुढे धरला आणि सांगितलं, मोठीआई, यात सगळं तपासलेलं नाही. ठोक्याच्या गोळीचंही विष होऊ शकते. त्यायले पिवळं दिसत होतं ना, ते त्याच्यामुळं असू शकते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पर त्यायनं स्वतःहून नाई घेतलं ना?”

“नाई. रोजचीच गोयी. डॉक्टरनं देल्ली तेवढीच.”

“मंग कागद राहू दे तिथंच,” ती म्हणाली. उठून आत गेली आणि स्वतःच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आली. बीपीची, शुगरची, गुडघ्याची, सगळ्या पट्ट्या तिने माझ्यापुढे चटईवर ओतल्या. “याच्यात हाय का ते?”

नव्हती. तरी मी मोबाईलची टॉर्च लावून प्रत्येक पट्टीवरचं नाव वाचलं, प्रत्येकीचा फोटो काढला, आणि कागदावर मोठ्या अक्षरात यादी करून त्याच खिळ्याला, त्या अहवालाच्या खाली अडकवून दिली.